एका घासाचं रुखवत

सातपाटीची सोमी आठवड्यातून एकदा सुके बोंबील घेऊन बोईसरात यायची आणि मंजुळाच्या दारात पाटी उतरवल्याशिवाय पुढे जायची नाही. त्या दिवशीही आली, बोंबील कागदात बांधून दिले, पान तोंडात टाकलं आणि गेली. मंजुळाने पुडी सोडली, बोंबील डब्यात भरले. कागद चुलीत सारायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला.

कागद जाड होता, गुळगुळीत होता, आणि त्यावर पानभर एक मिठाई होती. मिठाईच म्हणायची, दुसरं काय? चौकोनी, गुलाबी, चकचकीत. माथ्यावर पांढऱ्या साखरेचा गुलाब, गुलाबाला दोन हिरवी पानं आणि चारी कडांना मोत्यांची झालर. एका कोपऱ्याला बोंबलाचा खारा डाग पडला होता, बाकी चित्र जसंच्या तसं.

"आत्याबाई, बघा तरी," तिने सासूपुढे कागद धरला.

इंदुबाई खाटेवर बसून बोटांना तेल चोळत होत्या. त्यांनी नजर टाकली न टाकली. "कागदावरचं बघून प्वाट भरतंय व्हय? बोंबील भाज."

मंजुळाने बोंबील भाजले, पण दोन करपवले. तिचं ध्यान भाजण्यात नव्हतंच. कित्येक दिवस ते कशातच नव्हतं. भाजी चिरता चिरता उठायची, दारापर्यंत जायची, कशाला आलो ते विसरून परत फिरायची. त्या घराला तेव्हा एकच घोर लागला होता, जमनाच्या रुखवताचा.

जमना म्हणजे इंदुबाईंची धाकटी लेक, मंजुळाची नणंद. सहासष्ट साल सरत आलं होतं आणि माघात तिचं लग्न ठरलं होतं. मंजुळाचा नवरा पुंडलिक हा जुन्नरकडचा गडी, तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं तेव्हा पाइप जोडायच्या कामावर इकडे आला. मागोमाग सगळं घर बोईसरात स्टेशनापलीकडच्या भाड्याच्या खोल्यांत आलं. नवरामुलगा कमलाकांत पालघरचा, शाळेत मास्तर. मुलगा गरीब स्वभावाचा, पण त्याची आई रंभाबाई गरीबबिरीब काही नव्हती. सुपारी फुटली त्या दिवशी चहाची बशी खाली ठेवता ठेवता त्या म्हणाल्या होत्या, "आम्हाला देणंघेणं नको हो. रुखवत तेवढं नजरेत भरेल असं मांडा. आमच्या थोरलीचं रुखवत बघायला अख्खी आळी लोटली होती."

झालं. तेव्हापासून जमनाची झोप उडाली. सासरी पाऊल टाकायच्या आधीच थोरल्या जावेच्या लाडवांशी आपलं माप लागणार, हे तिला कळून चुकलं होतं.

रुखवत म्हणजे मुलीकडच्यांच्या हातांची परीक्षाच. नारळाएवढे लाडू, ताटाएवढ्या करंज्या, चकल्या अशा की एकीत पोर बसावं. इंदुबाईंच्या हाताची रुखवतं एके काळी गावोगाव नावाजलेली. पण आता त्यांची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती, पिठात हात घातला तरी डोळ्यांत पाणी यायचं. म्हणजे रुखवत करणार कोण? मंजुळा.

आणि खरी गोम इथेच होती.

मंजुळाचं लग्न झालं तेव्हा तिच्या विधवा आईने, ओतूरच्या रत्नाबाईने, एकच टोपली आणली होती. तीत करंज्या होत्या. अंगठ्याएवढ्या, कडेला केसासारखी बारीक मुरड घातलेल्या. रात्ररात्र बसून केलेल्या. भर मांडवात इंदुबाईंनी दोन बोटांनी वरचं फडकं उचललं आणि म्हणाल्या, "एवढंच व्हय? बाहुलीचं लगीन हाय का काय?" मांडव हसला. रत्नाबाईने पदराचं टोक मुठीत धरलं, ते निघेपर्यंत सोडलं नाही. चार दिवसांनी मंजुळाला ती टोपली गोठ्याच्या दारात पालथी पडलेली दिसली. करंज्या म्हशीपुढे गेल्या, हे तिने तेव्हाच ओळखलं. ओळखलं आणि पहिल्या माहेरपणाला गेली तेव्हा आईच्या कुशीत रडताना सांगूनही टाकलं. सांगायला नको होतं. त्यानंतर रत्नाबाईने घरात करंजी केली नाही. दिवाळीलासुद्धा नाही.

या गोष्टीला दहा-अकरा वर्षं झाली. सासू-सुनेचं वरवर बरं होतं. पण मंजुळाच्या आत ते "एवढंच व्हय" काट्यासारखं मोडून राहिलं होतं. आणि आता त्याच इंदुबाईंची लाज तिच्या हातात आली होती! एकदा तर मनात आलं, करावं असंच तसंच. कळू दे कसं लागतं ते. मग जमनाचा उतरलेला चेहरा दिसला आणि स्वतःचीच चीड आली. नाही. असं रुखवत करायचं की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. पण कसलं? लाडू तर सगळेच करतात. म्हणून ती दारापर्यंत जायची आणि परत यायची.

पुढच्या आठवड्यात सोमी आली ती मंजुळाने वाटेतच गाठली.

"सोमे, तो कागद कुठला?"

"कंचा? त्यो व्हय! गोरी बाय नाय का तारापूरला, मी तिला पापलेटा देतंय? ती गेली आपल्या मुलकाला. जाताना रद्दी दिली मना. दोन बुकं हायेत आशी. पान लय घट, बोंबील टोचला तरी फाटत नाय."

"ती मला दे."

"आनि मंग मी बोंबील कशान बांधू, वैनी?"

मंजुळाने घरातली सगळी जुनी वर्तमानपत्रं सोमीच्या पाटीत कोंबली. दुसऱ्या फेरीला पुस्तकं आली. एक जाडजूड, पुठ्ठ्याचं, पण पहिला अर्धा भाग बोंबलांबरोबर गावभर गेलेला. दुसरं पातळ, त्याचीही पुढची पानं गायब. उरलेल्या पानापानावर तसल्याच मिठाया. पिवळ्या, जांभळ्या, पांढऱ्या. कुणावर फुलपाखरू, कुणावर साखरेची जाळी, कुणावर नुसता एक बदाम, पण असा ठेवलेला की देवावर वाहावा. पुस्तक उघडलं की आधी बोंबलाचा वास यायचा, मग फुलं दिसायची. मंजुळाला त्याचं काही वाटेनासं झालं. भात शिजेपर्यंत ती पानं उलटत बसायची आणि भात लागायचा.

पुंडलिकला कामावरच्या नकाशांमुळे इंग्रजी अक्षरं जुळवता यायची. त्याने चित्राखालच्या ओळींवरून बोट फिरवलं. "शुगर. बटर. हे केक आहेत गं. आणि हे एग. अंडं."

"रुखवतात अंडं? डोकं फिरलंय का तुमचं?"

"मी कुठं म्हणतो घाल? लिहिलंय ते वाचलं." तो पानं उलटत राहिला. "पण याच्यावर माप कुठंय?"

"कसलं माप?"

"केवढा करायचा ते. आमचा साहेब म्हणतो, ड्रॉइंगवर माप नसलं तर कामाला हात लावायचा नाही."

"हा काय तुमचा पाइप आहे? डोळ्यांना दिसतंय ना केवढा आहे? पानभर आहे!" मंजुळाने पुस्तक ओढून घेतलं. रुखवताचा केक म्हटल्यावर केवढा असणार, हेही का नवऱ्याने शिकवायचं?

दुसऱ्या दिवसापासून तिने कंबर कसली. रवा, मैदा, लोणी, आंबट दही, चिमूटभर सोडा. शेगडीवर पातेल्यात वाळू, वाळूवर डबा, झाकणावर निखारे. पानाएवढा केक म्हणजे चांगली वीट झाली. वरून करपली, आतून कच्ची. दुसरी मधोमध खचली. तिसरी बरी आली म्हणून तिच्यावर गुलाबी साखरपाक ओतला, तर तो चहूबाजूंनी ओघळून परातीत साचला, आणि वर बसवलेला गुलाब हळूहळू मान टाकून आडवा झाला. जमना आधी हसली, मग रडवेली झाली.

"वहिनी, राहू दे ना. लाडूच करू."

"लाडू तुझ्या जावेचे झालेत. गप बस."

चौथी वीट फुटली, पाचवी उलटली. आळीतली पोरं खूश होती, कारण फुटक्या विटा त्यांच्या वाट्याला जायच्या. घरातल्या कुणाला मात्र तुकडा चाखायला बंदी. रुखवताचा पदार्थ व्याह्यांनी बघायच्या आधी घरच्यांनी तोंडाला लावायचा नाही, हा इंदुबाईंचा कडक नेम. त्या खाटेवरून सगळं बघत होत्या आणि मधूनमधून निखाऱ्यावर तेल ओतत होत्या. "दिस किती राहिलं, ठावं हाय का? का सोयऱ्यांना बोंबलाचं कागद दाखवायचं?"

मंजुळाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण सासूला उत्तर देण्यापेक्षा तिला दुसरीच तळमळ लागली होती. कसं करायचं ते त्या फाटून गेलेल्या पानांत असणार. अक्षर नको, नुसती चित्रं असली तरी चालतील. मग ती घरोघर हिंडू लागली.

"सोमीकडून बोंबील घेता ना? कशात बांधून दिले होते?"

बायका चमकून बघायच्या. पुंडलिकच्या बायकोला लग्नघाईने वेड लागलं, अशी आवई उठायला वेळ लागला नाही. एक पान एकीच्या फडताळात मसाल्याच्या डब्यांखाली सापडलं, एक पोराच्या वहीला घातलेलं. दोन्हींवर नुसतेच आणखी केक. बाकीची चुलीत गेलेली. शेवटी शेजारच्या सोजराबाई म्हणाल्या, "बेटेगावात नवसी आहे, माझ्याकडे भात कांडायला येते ती. तिने असलंच एक चित्र भिंतीला लावलंय बघ."

मंजुळाने पायात चपला सरकवल्या आणि ती निघाली. बेटेगाव काही लांब नव्हतं, पण त्या दिवशी वाट संपेना. कापणी झालेल्या शेतांमधून ती जवळजवळ धावतच गेली.

नवसीने कुडाच्या भिंतीवर, दिव्याच्या कोनाड्याशेजारी, पान खळीने चिकटवलं होतं. मंजुळाने वाकून पाहिलं आणि ती जागच्या जागी थिजली.

चित्रात एक बाई होती. गोरी, लाल नखांची. तिच्या हाताच्या दोन बोटांत तोच केक होता, गुलाबी, वर गुलाब, कडेला मोत्यांची झालर. आणि तो केवढा होता? लिंबाएवढा! बाईने ओठ उघडले होते आणि अख्खा केक एका घासात तोंडात टाकायच्या बेतात होती.

"काय झालां गो?" नवसीने विचारलं. "ती बाय काय खाते ता मना पन कलत नाय."

"नवसे," मंजुळा कशीबशी म्हणाली, "मी विटा भाजत होते गं. विटा!"

आणि ती ओट्यावर बसून हसत सुटली. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. नवसी घाबरून पाण्याचा तांब्या घेऊन आली. पाणी पिताना मंजुळाचं हसू एकदम ओसरलं. लिंबाएवढी गोष्ट, कडेला बारीक नक्षी, दोन बोटांत धरायची. हे तिने आधी पाहिलं होतं. ओतूरच्या घरात कंदिलापाशी वाकून बसलेली आई, आणि तिच्या बोटांत अंगठ्याएवढी करंजी.

परतीच्या वाटेला तिचे पाय जड झाले. कसं करायचं ते कळलं होतं, पण करायचं कसं? एवढंसं रुखवत मांडवात मांडलं तर रंभाबाई काय म्हणतील, हे सांगायला जोशीबुवा नको होता. म्हणू दे! मंजुळाला एकदम वाटलं. म्हणू दे की एकदा, आणि आत्याबाईंच्या तोंडावर म्हणू दे. मग जमनाचं काय? आणि आपल्या कष्टांचं? तिचं मन झोपाळ्यासारखं इकडून तिकडे जात राहिलं. घर आलं तरी काही ठरलं नव्हतं. पण हात मनाला विचारत बसले नाहीत. तिने थाळीत पातळ पीठ पसरलं, वाळूवर ठेवलं आणि झाकणावर निखारे घातले.

थाळी सोनेरी होऊन निघाली. कच्चं नाही, करपलं नाही. लिंबाएवढे चौकोन कापले, पाकात बुडवले, तर पाक पातळ काचेसारखा चारी अंगांना बसला, एक थेंब इकडेतिकडे नाही. पुंडलिकने तांब्याच्या पत्र्याची बारीक तोटी वळून दिली. ती फडक्याच्या टोकाला बांधून मंजुळाने पिठीसाखरेचा गुलाब काढला. गुलाब ताठ उभा राहिला.

मग तिला थांबवणं कुणाच्या बापाच्या हातात नव्हतं. बिटाचा गुलाबी, हळदीचा पिवळा. पुस्तकातली फुलं संपली तशी अंगणातली घेतली. पांढऱ्या केकावर केशरी देठाचं प्राजक्ताचं फूल. एकावर तुळशीची मंजिरी. एकावर हळदीकुंकवाची दोन बोटं. एकावर साखरेचं इवलंसं पापलेट, सोमीच्या नावाचं. पुस्तक बाजूला उघडं असायचं, पण आता ती त्यातलं उतरवून घेत नव्हती. त्या गोऱ्या बाईशी बोलत असल्यासारखी बघायची नुसती, तुझं ते तसं, माझं हे असं.

इंदुबाई काठी टेकत आल्या आणि परातीकडे बघून पांढऱ्या पडल्या.

"ह्ये रुखवत?"

"हो."

"एवढुसं? मंजुळा, अगं सोयरं काय म्हंतील? माझी मान खाली घालाय निघालीस तू."

"मान खाली घालायची सवय माझ्या आईला होती," मंजुळा म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "तुम्हाला नसेल."

इंदुबाई काठी टेकत परत गेल्या. त्यानंतर दोघींचं बोलणं मिठापिठापुरतं राहिलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मंजुळा पाणी घेऊन आली तर आत इंदुबाई एकट्याच जमिनीवर बसल्या होत्या. पुढ्यात भाजलेल्या रव्याची परात. त्या लाडू वळत होत्या. वाकड्या बोटांत रवा धरत नव्हता, मूठ मिटत नव्हती. लाडू होता होता फुटायचा, त्या पुन्हा गोळा करायच्या. परातीबाहेर सगळा चुरा सांडलेला. मंजुळा उंबऱ्यात उभी राहिली. पुढे व्हावं, परात ओढून घ्यावी, दोन घटकांत वीस लाडू वळून द्यावेत, एवढंच करायचं होतं. ती झाली नाही पुढे. हंडा ठेवला आणि बाहेर जाऊन उगीच वाळलेले कपडे घडी करत बसली, घातलेली घडी मोडून पुन्हा घातली.

लग्नाच्या दिवशी मांडवाच्या एका अंगाला सतरंजीवर पांढरं धोतर अंथरून तिने केक मांडले. ओळीओळींनी, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे. लांबून पाहिलं तर रुखवत दिसतच नव्हतं, धोतरावर कुणी फुलं उधळल्यासारखी वाटत होती. पालघरचं वऱ्हाड आलं. पाय धुणं झालं, पान-सुपारी झाली आणि रंभाबाई बायकांचा जथा घेऊन रुखवत बघायला आल्या. मागे त्यांची थोरली सून. आतल्या दारात मुंडावळ्या बांधलेली जमना श्वास धरून उभी.

रंभाबाईंनी सतरंजीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग पलीकडे आणखी काही मांडलंय का तेही पाहिलं.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "एवढंच? ही तर भातुकली मांडलीय."

बायका हसल्या.

आणि मंजुळाने वळून सासूकडे पाहिलं. हे शब्द कुणीतरी या बाईला ऐकवावेत, याची तिने इतकी वर्षं वाट पाहिली होती. आता गार वाटेल, असं तिला वाटलं होतं. पण इंदुबाईंच्या मुठीत पदराचं टोक होतं. घट्ट धरलेलं, अगदी तिच्या आईच्या मुठीत होतं तसंच. मंजुळाला काही गार वाटलं नाही. देवा, हे मला नको होतं, एवढंच तिच्या मनात आलं.

इंदुबाईंनी पदर सोडला. काठी खांबाला टेकवली. सतरंजीपाशी वाकल्या, आणि ज्या बोटांत लाडू राहत नव्हता त्या बोटांनी गुलाबाचा एक केक अलगद उचलला. लिंबाएवढी वस्तू, वाकड्या बोटांत बरोबर बसली.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "आ करा."

विहिणीने विहिणीला गोड भरवायचं, याला नाही म्हणायची सोय नव्हती, आणि तेही भर मांडवात. रंभाबाईंनी तोंड उघडलं. इंदुबाईंनी अख्खा केक आत ठेवला. तोंड भरलं, मिटलं, आणि रंभाबाईंना बोलता येईना.

"लाडू आसता तर फोडावा लागला आसता," इंदुबाई मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "कुणाला कपची, कुणाला भुगा. ह्ये आमच्या सुनंनं केलंया, एका घासाचं रुखवत. तुमच्या आळीत जेवढी दारं आसतील तेवढ्या दारी द्या. पण आख्खं द्या. तुकडा न्हाई कुणाला."

सगळ्यांच्या नजरा रंभाबाईंच्या चघळणाऱ्या तोंडावर खिळल्या. मंजुळाला तेव्हा कुठे आठवलं. कुणीच चाखलं नव्हतं! तिनेही नाही, इंदुबाईंनीही नाही. आळीतल्या पोरांनी फुटक्या विटा खाल्ल्या होत्या, पण पोरं काय, मातीही खातात.

रंभाबाईंनी घास गिळला. ओठांवरची साखर जिभेने टिपली. मग विचारलं, "ते केशरी देठाचं कसलं?"

"प्राजक्ताचं," मंजुळा पुटपुटली.

"ते बघू एक."

मागून थोरली सून हळूच, पण सगळ्यांना ऐकू येईल इतपत हळू म्हणाली, "माझे लाडू फोडायला वरवंटा लागला होता." आणि या वेळी मांडव हसला तो वेगळा हसला. त्या गलक्यात आहेराला आलेली सोमी आपलं पापलेट शोधून काढून सगळ्या बायकांना दाखवत होती, "ह्या माजा हाय बगा, माजा!" ते कागद कशाचे होते ते मात्र तिने देवाच्या दयेने कुणाला सांगितलं नाही. दारात जमना रडत होती आणि हसतही होती, मुंडावळ्या ओल्या झाल्या होत्या.

दिवस कलायच्या आत वरात पालघरला गेली. रुखवताच्या पेट्या गेल्या, जमना गेली. पुंडलिक मांडवाच्या दोऱ्या सोडत होता. इंदुबाई रिकाम्या सतरंजीवर पाय पसरून बसल्या होत्या. मंजुळा पराती गोळा करता करता थांबली. एका परातीच्या काठाला कोपरा मोडलेला एक केक चिकटून राहिला होता.

"घ्या," तिने पुढे केला. "आता चालेल."

इंदुबाईंनी तो तोंडात टाकला. बराच वेळ डोळे मिटून घोळवला.

"खसखस न्हाई घातलीस."

"यात नसते."

"तुझ्या आईनं घातलीती. त्या करंज्यांत."

मंजुळाच्या हातातली परात सतरंजीवर टेकली. "तुम्हाला काय माहीत? त्या तर म्हशीला घातल्या."

"म्हशीला?" इंदुबाईंनी डोळे उघडले. "कोण म्हनलं म्हशीला? मी खाल्ल्या."

"तुम्ही?"

"मी. एकलीनं. कणगीच्या मागं बसून, चार दिस. कुनाला एक दिली न्हाई. वाटावं आसं वाटलंच न्हाई मला."

"मग मांडवात तसं का बोललात?"

इंदुबाई आपल्या बोटांकडे बघत राहिल्या. "बोलून गेले. लोकं हासली. मग मागं कसं घ्यायचं?"

मंजुळाला काय होतंय ते तिचं तिलाच कळेना. ओरडावंसं वाटत होतं, ती परात भिरकावून द्यावीशी वाटत होती. तिकडे ओतूरला एका म्हातारीने स्वतःच्या हातांवर रुसून करंजी सोडली होती. आणि ते कुणामुळे? सासूमुळे म्हणावं, तर पालथ्या टोपलीवरून म्हैस ठरवणारी आणि आईला जाऊन सांगणारी तर आपणच.

"आईनं तेव्हापासून करंजी केली नाही," ती म्हणाली. "आजपर्यंत नाही. गुरांनी खाल्ली म्हणून."

दोरी सोडणाऱ्या पुंडलिकचा हात थांबला. इंदुबाई सतरंजीवर सांडलेला केकचा चुरा बोटाने गोळा करू लागल्या. मांडवाचं कापड वाऱ्यावर फडफडत होतं.

"खसखस भाजून घातली का कच्ची," त्या म्हणाल्या, "त्ये मला न्हाई कळलं. लई दिस इचारायचं हाय. तू इचार तिला."

"मी नाही विचारणार. तुम्ही विचारा."

"मी?"

"ओतूरला जायचं, समोर बसायचं आणि विचारायचं. मी नेते तुम्हाला."

इंदुबाईंनी पदराच्या टोकाने तोंड पुसलं. मग ते टोक हातातच राहिलं.

"दार उघडंल का गं तुझी आई मला?"

मंजुळा खाली वाकली, परात उचलली.

"खसखशीचं विचारलंत," ती म्हणाली, "तर उघडेल."